एकुलता श्रोता

त्या घरच्या सूनबाईंनी दार उघडलं तेव्हा वकीलसाहेब पायपुसण्यावर बूट घासत होते. मत मागायला आलेला माणूस बूट जरा जास्तच घासतो. पंधरा वर्षांच्या खासदारकीत ही सवय अंगात मुरली होती.

आज मत एकच मागायचं होतं. वाचनालयातर्फे अंध श्रोत्यांना रोजचं वर्तमानपत्र फोनवर ऐकवलं जाई, आणि ते वाचत वकीलसाहेब. एके काळी रेडिओवर ते बातम्या वाचू लागले की घराघरात आमटी उतू जायची. आता श्रोते गळत गळत एक उरला होता; वाचनालयाने त्याचा पत्ता तेवढा दिला होता, नाव नाही. त्याने फॉर्मवर ‘हवे’ अशी खूण केली तर वाचन चालू, नाहीतर सोमवारपासून बंद. कोर्ट सुटलं, रेडिओ सुटला, संसद सुटली. बोलायला एवढंच उरलं होतं. घरी भिंती होत्या, पण त्या साधा आक्षेपसुद्धा घेत नसत.

“कोण आलंय गं?” आतून आवाज आला.

वकीलसाहेबांचा पाय पायपुसण्यावरच थिजला. हा आवाज त्यांनी तीन निवडणुकांत समोरच्या व्यासपीठावरून ऐकला होता. मास्तर! तिन्ही वेळा त्यांच्याविरुद्ध पडलेले मास्तर.

“बाबा, ते पेपर वाचणारे आलेत.”

मास्तर खिडकीपाशी बसले होते. डोळे उघडे, नजर भलतीकडे.

“या, खासदारसाहेब. ती खुर्ची डळमळते, पण तुम्हाला सवय आहे.”

“मास्तर, तुम्ही रोज ऐकता मला?”

“रोज. पंधरा वर्षं तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. आता बटण दाबलं की तुम्ही गप्प. या वयात एवढं सुख कोण सोडेल?”

वकीलसाहेब हसले. मास्तर हसले नाहीत.

“पण तुम्ही चोरी करता. अग्रलेखात तुमच्या पक्षाला झोडपलं की तुम्हाला खोकला येतो. खोकला थांबतो तेव्हा परिच्छेद संपलेला असतो. तेवढं सूनबाईकडून वाचून घ्यावं लागतं. त्यासाठी घरी वेगळा पेपर लावलाय.”

साक्षीदारांना घाम फोडण्यात हयात गेलेल्या माणसाने रुमालाने स्वतःचं कपाळ पुसलं.

“मग माझी गरज काय? सगळं त्याच वाचतील की.”

“वाचते. छान वाचते.” मास्तरांनी आवाज खाली आणला. “पण तिच्याशी भांडता येत नाही हो. फार गुणी पोर आहे.”

वकीलसाहेबांनी खिशातून फॉर्म काढला. घडी उलगडायला त्यांना अंमळ वेळ लागला.

“उद्यापासून खोकणार नाही,” ते म्हणाले. त्यांच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात छोटं आश्वासन असावं.

“लेखी द्याल?”

“देतो.”

“राहू द्या. तुमचं लेखी मी तीनदा वाचलंय, जाहीरनाम्यात. सूनबाई, पेन आण.”

सूनबाईंनी पेन दिलं. मास्तरांचं बोट धरून ‘हवे’ आणि ‘नको’ अशा दोन्ही चौकटींवरून फिरवलं. मास्तरांनी पेन टेकवलं आणि थबकले.

“वकील कुठे बघतायत?”

“फॉर्मकडे, बाबा.”

“त्यांना म्हणावं, तोंड फिरवा. मतदान गुप्त असतं.”

वकीलसाहेब निमूट उठले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.