वरून बघणारे बाबा

वडिलांच्या मृत्यूने मला घडवलं, असं मी माझ्या प्रत्येक सत्कारात सांगतो. लोक गहिवरतात. मी पाच वर्षांचा असताना ते गेले. पुढे मामेभावांच्या जुन्या विजारी, शाळेने माफ केलेली फी, आणि काही मागितलं की आईचं एकच वाक्य, "वरून बाबा बघतायत." त्या धाकात मी साधी सिगारेटही ओढली नाही.

गेल्या गुरुवारी आई गेली. कुसुममावशीने तिला हिरवी साडी नेसवली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं आणि ती ओटी भरू लागली.

"मावशी, अगं, हे सवाष्ण गेली तर करतात." मला वाटलं, दुःखाने तिचं भान सुटलंय.

"सवाष्णच गेलीय. जन्मभर कपाळ मोकळं ठेवलं, जाताना तरी लाव म्हणाली होती."

"आणि भिंतीवरचा बाबांचा हार घातलेला फोटो?"

"फोटो त्याचाच आहे. कराडला दुसरं बिऱ्हाड केलंय त्यानं. सोडून गेला म्हटलं असतं, तर तू अभ्यास केला असतास?"

मी मामांकडे पाहिलं. मामा पंख्याकडे पाहू लागले. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी बाबांच्या श्राद्धाला हीच मंडळी माझ्याकडे वडे मागून मागून घेत.

नंबरही मावशीकडे होता. मी फोन लावून आई गेल्याचं सांगितलं.

"कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं.

"मोठा झालास रे," ते म्हणाले. "पण आज यायला जमायचं नाही."

त्यांचं सायकलचं दुकान आहे. गुरुवारी गिऱ्हाईक जास्त असतं.