खिंडीपलीकडचं पाणी

आचलनं बोर्डावर बोट टेकवलं आणि इतका वेळ गलका करणारा वर्ग एकदम चूप झाला.

ज्योत्स्ना मॅडम सातवीला पाणलोट शिकवत होत्या. डिजिटल बोर्डावर आष्टी तालुक्यातल्या त्यांच्या गावाचा नकाशा उघडला होता. कुठंही बोट ठेवलं, की तिथं पडलेला थेंब वाहत कुठं जाईल ते दाखवणारी निळी रेघ आपोआप उमटायची. ऋतिकनं आपल्या घराचं छप्पर निवडलं. कुणी देऊळ निवडलं, कुणी संत्र्याची बाग. साऱ्या रेघा गावच्या नाल्याला मिळत होत्या आणि पोरं टाळ्या पिटत होती.

आचलचं बोट मात्र खिंडीतल्या रस्त्यावर होतं. ती जागा अख्ख्या गावाला ठाऊक होती. तिच्या बापाच्या, मुकेशच्या मोबाइलचं ते शेवटचं ठिकाण; पुढं गावापर्यंत रेंज नसे. पुराच्या संध्याकाळी तो आष्टीहून गाडीवर निघाला आणि घरी पोचलाच नाही. गावच्या नाल्यावरचा पूल त्या दिवशी पाण्याखाली होता. मुकेश तिथंच वाहून गेला, असं सगळे धरून चालले. नाला पार नदीपर्यंत धुंडाळला. ना गाडी सापडली, ना माणूस.

या गोष्टीला दोन पावसाळे झाले. त्याची बायको ज्योत्स्ना अजून पुलावरून जाताना खाली पाहत नसे. सासू सीताबाई तिला कुंकू पुसू देत नव्हती, मुकेशचे दिवसही करू देत नव्हती. "देह पाह्यला का कोनं? मंग?" एवढंच म्हणायची. दारावरून गाडी गेली, की जेवता जेवता तिघींचेही हात थांबायचे.

बोर्डावर रेघ निघाली. ती गावाकडं वळलीच नाही. खिंडीच्या पलीकडच्या अंगाला उतरून ती एका ओढ्याला मिळाली. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडणारा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला ओढा. तिथून रेघ जंगलात शिरली आणि दुसऱ्या तालुक्यात गेली.

"मॅडम," आचल म्हणाली. वर्गात ती आईला मॅडमच म्हणायची. "बाबा नाल्यापर्यंत आलेच नसतीन तर?"

ज्योत्स्नानं बोर्ड बंद केला. तास संपायला अजून वेळ होता, तरी तिनं वर्ग सोडून दिला. त्यानंतरचे काही दिवस तिनं तो नकाशा उघडला नाही. डोळे मिटले तरी ती रेघ दिसायची. शोधायला जावं तर काहीतरी सापडेल, याचीच तिला धास्ती होती. आचल आईकडं बघत राहायची. शेवटी रविवारी सकाळी ज्योत्स्नानं दिराला, धीरजला हाक मारली आणि आचलसकट तिघे निघाले.

खिंडीत गाड्या लावून ते ओढ्याच्या काठानं पायी चालले. जंगल सरलं तिथं ओढा रुंद होत होता आणि काठावर आदिवासींची लहानशी वस्ती होती. पहिल्याच अंगणात एक म्हातारी मोहफुलं निवडत बसली होती.

"आजी, त्या मोठ्या पुरात इकडं कोणी वाहून आलं होतं का?" ज्योत्स्नानं विचारलं.

 म्हातारी सूप बाजूला ठेवून उठली. "लई उशीर केला, बाई," म्हणाली आणि चालू लागली.

वस्तीमागं एका झाडाखाली दगड रचलेले होते. "पोलीस आलते. फोटो घेतला. पन आमचं ठानं अलग. विचाराले कोनी आलं नाई. मंग आमीच माती देल्ली."

"वहिनी," धीरज हलकेच म्हणाला, "कोनीबी असू शकते. आपलाच काऊन असन?"

"मेलेला नोता सापडला तो," म्हातारी सांगत होती. "झाडाले अटकला होता. जीव होता. उचलून घरात आनला. चारीकडं पानी, दवाखान्यात कसं नेवाव? नाव पुसलं, गाव पुसलं, पन त्याले शुद्ध नोती. सकाळपावतर एकच बोलून राह्यला होता."

"काय?"

"आचल, आचल. आचल म्हंजे पदर नं? मले वाटलं, थंडी वाजून राह्यली, पदर मांगते. मंग म्या माह्या लुगड्याचा पदर टाकला त्याच्यावर. तो मुठीत धरूनच गेला."

धीरजनं तोंड फिरवलं. ज्योत्स्ना दगडांपाशी खालीच बसली. त्या रात्री अख्खं गाव टॉर्च घेऊन नाल्याकाठी मुकेशला हाका मारत होतं. खिंडीच्या या अंगाला तोही हाकच मारत होता.

आचल म्हातारीजवळ गेली.

"आजी, ते माह्यं नाव आहे."