मूठभर चिन्नोर

पुण्याच्या गिऱ्हाइकाने पितळी गडव्याला एकच तारा दिला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘वापरलेलं भांडं पाठवलं. आत तांदूळ निघाले.’

अनुपने ते पुन्हा वाचलं. अशी तक्रार आता नवी राहिली नव्हती. ज्या मोठ्या संकेतस्थळावर त्याचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, त्यांचा निरोपही आलेला. वापरलेला माल विकल्याची आणखी एक तक्रार, की दुकान बंद. या दुकानासाठी त्याने तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी सोडली होती. तिथे परत जायचं तर प्राचार्यांना नमस्कार करावा लागला असता, आणि प्राचार्य त्या नमस्काराचीच वाट पाहत बसले होते.

दुकान म्हणजे भंडाऱ्यातल्या घरची एक खुर्ची आणि तिच्यासमोर लॅपटॉप. घरात ना खोका, ना चिकटपट्टी. जागेश्वर कासाराकडून माल उचलणं, खोक्यात भरणं, रवाना करणं, सगळं नागपूरच्या एका कंपनीकडे सोपवलेलं. सुरुवातीला त्याची आई मंदाबाई आणि शेजारच्या तुळसाबाई दोघीही म्हणाल्या होत्या, आम्ही देत जाऊ खोके भरून, दुपारभर रिकाम्याच असतो. अनुपने त्यांना व्यवस्थापनशास्त्र समजावून सांगितलं. मालकाने मालाला हात लावला की धंद्याची टपरी होते, आणि मालकाच्या घरच्यांनी लावला की टपरीसुद्धा राहत नाही. दोघींनी माना डोलावल्या. पुढे मंदाबाई दुपारी भजनाला जाऊ लागल्या. तुळसाबाईही कुठेतरी जात, पण कुठे ते अनुपने विचारलं नव्हतं. घरात हल्ली वासाच्या, बारीक चिन्नोरऐवजी जाडा तांदूळ शिजे. आई काटकसर करते, याचं त्याला बरंच वाटे.

त्याने कंपनीच्या तेजरामला फोन लावला आणि तुमच्या गोदामातली माणसं माझ्या गडव्यात भात शिजवतात का, असं विचारलं.

“भात कायले शिजवतीन साहेब,” तेजराम म्हणाला. “इथं चहाबी बाहेरूनच येते.”

अनुपचा विश्वास बसला नाही. सबंध हिंदुस्थानात पाणी प्यायचं भांडं म्हणून जे विकतो, त्यात कोणी परका हात घालतो या विचारानेच त्याचा घास अडत होता. त्याने आंबागडच्या श्रावणच्या, म्हणजे मावसभावाच्या नावावर स्वतःच्याच दुकानातून एक गडवा मागवला. तो दुसऱ्याच दिवशी पोचला. नागपूरचं काम ते नागपूरचंच, असं मनाशी म्हणत अनुप आंबागडला गेला आणि सगळ्यांच्या देखत त्याने खोका फोडला.

गडवा कागदात असा गुंडाळला होता, जसं तान्ह्या लेकराला गुंडाळावं. आत मूठभर तांदूळ. कच्चे, निवडलेले, खडा नाही की कोंडा नाही.

श्रावणच्या आईने, देवकामावशीने, चार दाणे तळहातावर चोळून वास घेतला. “चिन्नोर होय, बापा. कोण्या लक्ष्मीनं भरला असन. भांडं रिकामं धाडू नाही.” आणि तिने गडवा कपाळाला लावला.

अनुपचं डोकं खरं तापलं ते इथे. म्हणजे चोरी नव्हती, घाणही नव्हती, रीत होती. कोणाचं भांडं परत करताना त्यात चिमूटभर काहीतरी घालायचं. घरी मंदाबाईही तुळसाबाईंची वाटी कधी साखरेशिवाय परत देत नसत. घरात ठीक आहे. पण पुण्यातल्या पाचव्या मजल्यावर तीच मूठ उष्टी ठरते आणि इकडे एका माणसाचं दुकान बुडतं, हे त्या लक्ष्मीला कोणी सांगायचं? चोराला निदान पोलीस असतात. रीतीला काय असतं?

घरी येताच त्याने कंपनीला पत्र लिहिलं. प्राध्यापकी अंगात होती, त्यामुळे पत्र चांगलं उतरलं. त्यातलं एक वाक्य त्याला विशेष आवडलं. ‘हे दुकान आहे, माहेर नव्हे.’ पत्र माल भरणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवावं आणि तांदूळ घालणाऱ्या व्यक्तीस त्वरित कामावरून कमी करावं, असं त्याने बजावलं.

दुसऱ्या दिवशी तेजरामचा फोन आला. बाई हुशार आहे, तिच्या हातचं एक भांडं कधी चेपलं नाही, पत्रावरच भागवता आलं तर पाहा, असं तो आडूनआडून सुचवत राहिला.

“काढा तिला.”

“नाव तरी ऐकून घ्या साहेब. काम तर आमी तुमच्याच भंडाऱ्यातल्या बायांकडून...”

“नावाशी मला काय करायचं आहे?” अनुप म्हणाला. “मी मालक आहे. मला निकाल पाहिजे.”

निकाल लागला. संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं, सूचनेनुसार कार्यवाही केली. पुढच्या गिऱ्हाइकांनी गडव्याला पाच तारे दिले, तांदळाचा उल्लेख नाही. संकेतस्थळाने धमकी मागे घेतली. प्राचार्यांचा नमस्कार तूर्त टळला.

धमकी मागे घेतली गेली त्या दुपारी तो समाधानाने जेवायला बसला. बऱ्याच दिवसांनी ताटात चिन्नोर होता. मंदाबाई घरीच होत्या. भजनाला नाही गेलीस, असं त्याने विचारलं तेव्हा बंद झालं म्हणाल्या, आणि त्याला आणखी भात वाढला.

इतक्यात तुळसाबाई दारात आल्या, सकाळी पाठवलेली भाजीची वाटी न्यायला. मंदाबाईंनी वाटी घासली, पदराने कोरडी पुसली आणि तशीच त्यांच्या हातात दिली. तुळसाबाई वाटीत पाहत उभ्याच राहिल्या.

“आई, रिकामीच देतेस?” अनुपने विचारलं.

मंदाबाई जन्मात कधी बोलल्या नव्हत्या अशा शुद्ध भाषेत म्हणाल्या, “हे दुकान आहे, माहेर नव्हे.”