नरम डोळा

डॉक्टर सुंदररावांनी पट्टी सोडली, हजराबीच्या मिटलेल्या पापणीवर दोन बोटं ठेवली आणि हलकेच दाबलं. डोळा आजही नरम लागला. काचबिंदूनं दगडासारखा टणक झालेला हा डोळा त्यांनी आठ दिवसांपूर्वी बारीक भोक पाडून मोकळा केला होता. आता त्यातलं पाणी वाहायचं थांबत नव्हतं. असंच चाललं तर डोळा बसणार होता, आणि दुसरा तर कधीच गेलेला.

पट्टी रोज गच्च बांधली जात होती, हजराबी उताणी पडून होती, पथ्यात कसूर नव्हती. डॉक्टरांची मती गुंग झाली. मद्रासला जाऊन ही नवी शस्त्रक्रिया शिकलेला बीड जिल्ह्यात दुसरा कुणी नव्हता. विचारणार कुणाला?

"कालच्यापरीस नरम हाय," हजराबीच म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाटोद्याच्या बाजारात तीस साल सीताफळं इकली साहेब. दाबल्याबिगर मला चैन पडत न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. नवरा चाँद जरा उठून गेला, की ती पट्टीखाली बोट सरकवायची. दिवसातून दहादा. डोळा भरतोय का, ते बघायला. आणि प्रत्येक वेळी त्या भोकातून थोडं पाणी निघून जायचं.

डॉक्टर रागावणारच होते, तेवढ्यात त्यांना आठवलं. सकाळ-संध्याकाळ त्यांनीही तेच केलं होतं. त्यांच्या बोटांना पदवी होती, एवढाच काय तो फरक. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, चार दिवस डोळ्याला कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. चाँदनं बायकोचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. डॉक्टर रोज यायचे, खाटेपाशी नुसते उभे राहायचे आणि जायचे.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. सुरकुतलेला डोळा भरून आला होता, तुकतुकीत दिसत होता. कुणी काही घातलं नव्हतं. आतलं पाणी आतूनच आलं होतं. एवढी पुस्तकं वाचलेले डॉक्टर खुळ्यासारखे बघत राहिले. सवयीनं त्यांचं बोट पुढं गेलं आणि वीतभर अलीकडंच थांबलं.

नजर तपासायलाच ते धरलं असावं, तशी हजराबी त्या बोटाकडं बघत होती.

"एकच बोट हाय साहेब," ती म्हणाली. "पण मधीच थांबलं कावून?"