दुसरं हेल्मेट

"हे कानावर दाबतं," असं म्हणून बाबांनी तिसरं हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि दुकानदाराने न कंटाळता चौथं काढलं.

ठकी शेजारच्या स्टुलावर बसून होती. बाबा वेल्डिंगचं हेल्मेट घ्यायला आले होते आणि ठकी बाबांचा होकार घ्यायला. बाबांना याचा पत्ता नव्हता.

हेल्मेट त्यांच्याकडे एक होतंच. पण ते सकाळी वर्कशॉपला जायचं आणि निम्म्या वेळा तिथेच राहायचं. संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये कुणाचं फाटक, कुणाची खिडकीची जाळी जोडायला घेतली की शोधाशोध. मागच्या आठवड्यात त्यांनी हेल्मेटशिवाय, डोळे मिटून वेल्डिंगचा "एकच टाका" मारला आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे तळमळले. सकाळी आईने फर्मान काढलं, घरी एक आणि कामावर एक. बाबांचं म्हणणं, घ्यायचंच तर दोन्हीकडे चालेल असं घेऊ. दिवसभर घातलं तरी मान दुखू नये आणि चष्म्यावरून नीट बसावं.

ठकीचं दुखणं वेगळं होतं. दूरच्या बंदरावर क्रेन चालवायची नोकरी तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. येते की नाही, ते उद्या कळवायचं होतं. आईची अट एकच, बाबांनी मान्य केलं पाहिजे. आणि बाबांनी तर काका-मामांच्या भरल्या बैठकीत सांगून टाकलं होतं, "माझ्या तोंडून हो निघणार नाही." एकदा बोलले की बोलले, असा माणूस. त्या दिवसापासून नोकरीचा विषय निघाला की ते खाली मान घालून जेवत.

त्या मानेनेच ठकीला वाट दाखवली. वेल्डिंगचा रॉड टेकवायच्या आधी बाबा हनुवटीला एक झटका देत, की कपाळावर सरकवलेलं हेल्मेट खटकन तोंडावर येई. उभा जन्म हेच केल्यामुळे डोक्यावर काही नसतानाही त्यांची मान हलायची. पहिला घास घ्यायच्या आधी हमखास. ठकी लहानपणापासून त्याला हसत आली होती. म्हणजे हेल्मेट चढलं की मान हलणार, आणि नेमकं तेव्हा आपण विचारायचं. साक्षीला दुकानदार होताच.

चौथं हेल्मेट जड निघालं.

"चष्मा लावूनच बघतो," बाबा म्हणाले. "ठकी, स्कूटरच्या डिकीत आहे बघ."

ठकी धावत गेली. डिकीत पाने-पकडी, हातमोजे, जुनी फडकी, सगळ्यांच्या तळाशी चष्मा. ती परत आली तेव्हा पाचवं हेल्मेट बाहेर निघालेलं आणि दुकानदाराचं त्याचं कौतुक सांगून होत आलेलं. बाबांनी चष्मा लावला, हेल्मेट घातलं, हाताने तोंडावर ओढलं आणि मागची चकती फिरवून घट्ट केलं.

"हलकं आहे," आतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "काय गं, आज अगदी गप्प?"

काळ्या काचेआड बाबांना आपलं तोंड दिसत नाही, या विचाराने ठकीला धीर आला.

"बाबा, जाऊ ना मी नोकरीला?"

मान हलली. चांगली ठसठशीत, खाली आणि वर.

"काका, बघितलंत ना?" ठकी दुकानदाराकडे वळली.

"बघितलं की."

बाबांनी हेल्मेट काढलं. "काय बघितलं?"

"तुम्ही मान हलवलीत."

"मान काय, सवयीने हलते."

"मिस्त्री, हलली ती हलली," दुकानदार म्हणाला. "माझ्या दुकानात विकलेला माल आणि दिलेला होकार परत घेत नाहीत. हेच बांधू ना?"

"बांधा," बाबा तोंड पाडून म्हणाले.

घरी आल्यावर ठकीने दारातूनच सगळा प्रसंग आईला ऐकवला, वर मानेची नक्कल करून दाखवली. आई हसून हसून खाली बसली.

"अहो, फसलात की चांगले."

"मी बोललो का काही? एक शब्द तरी निघाला का तोंडातून?"

"शब्दाचं काय घेऊन बसलात? लेक निघाली," असं म्हणत आईने माळ्यावरची बॅग काढायला शिडी लावलीसुद्धा.

ठकीने उभ्या उभ्या फोन करून "येते" म्हणून कळवलं. तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण चहा गाळताना तिला आत कुठेतरी टोचलं. सरळ माणसाला आपण गाठून पकडलं, निदान त्यांना खरं तरी सांगावं. कप घेऊन ती शेडकडे गेली.

बाबा पाठमोरे बसून जाळी जोडत होते. मध्येच काहीतरी गुणगुणत होते, तेही बेसूर. ठकी दारात थांबली. एक टाका झाला, दुसरा झाला, बाबांनी पलीकडची पट्टी घेतली, तीही जोडली. ठकी त्यांच्या मानेवरून नजर काढत नव्हती. मान एकदाही हलली नाही.

"बाबा, तुमची मान..."

बाबा हेल्मेटसकट वळले. "ह्याला मानेचा झटका लागत नाही. एकदा खाली घेतलं की खालीच. काचेतून सगळं स्वच्छ दिसतं आणि ठिणगी पडली की काच आपली आपण काळी होते. कप सरळ धर, सांडतेयस."

ठकीने कप सरळ धरला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

बाबांनी चिमट्यात नवा रॉड लावला.

"तू चष्मा आणायला गेली होतीस ना, तेव्हाच सांगितलं दुकानदाराने."