सुलटं

लेकीने कासवाच्या पेटीवर कॅमेरा लावलाय. त्यात पेटी तेवढी दिसते, आवाज जात नाही. कासव उताणं पडलं रे पडलं की ऑफिसातून तिचा फोन येतो, "बाबा, आधी त्याला सुलटं करा!" माझी चौकशी रविवारी.

आज पेटीशेजारी पाय सरकला आणि मीच उताणा पडलो. कंबर हलेना, फोन टेबलावर. एक हात कसाबसा पेटीत पोचला. "माफ कर रे," म्हणत मी कासवाला उलटं केलं. लगेच फोन वाजायला लागला. वाजू दे, म्हटलं; उचलला नाही की येईलच धावत.



तेवढ्यात, चार वर्षांत पहिल्यांदाच, कासव आपलं आपण सुलटं होऊन पलीकडच्या कोपऱ्यात गेलं, आणि फोन वाजायचा थांबला.