धान्य लांबच पडू दे

लांबच्या रिंगणात एकच बी पडली होती.

दुओपने काठीने जमिनीवर दोन रिंगणं काढली होती. मदतीचं धान्य होड्यांतून आपापल्या बेटावर यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी बी या जवळच्या रिंगणात टाकायची. आता विमानातून एकाच मोठ्या माळावर पडतं तसंच पडत राहावं असं वाटत असेल, तर त्या लांबच्या. हिंगणाच्या झाडाखाली बसलेल्या बायकांनी हिंगणाची फळं चोखत चोखत बिया टाकल्या आणि जवळच्या रिंगणात बघता बघता ढीग झाला. दुओप मनातून खूश झाला. या धान्याने लोकांचं खरोखर किती भलं होतं ते तपासायला तो राजधानीहून, जुबाहून आला होता, आणि इतका सरळ कौल त्याला सहसा कुठे मिळत नसे. तेवढ्यात ती एकटी बी त्याच्या नजरेला पडली.

"ही चुकून पडली का?"

"चुकून कशाला पडेल? माझी आहे," मागे बसलेली न्यापुका म्हणाली.

बायका हसायला लागल्या. त्यांच्यात न्याबोल तोंडाची फटकळ. "अरे बाबा, तिचं काय मनावर घेतोस? तिला जत्रा लागते. विमान येणार म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, आणि ही डोक्याला तेल चोपडून तयार."

यात खोटं काही नव्हतं. लढाई पेटल्यापासून नाईलच्या त्या दलदलीत ज्याला जिथे कोरडी जागा सापडली तिथे तो राहिला होता. या बेटाला त्या बेटाची खबर नसे. विमान यायचं ठरलं की मात्र सगळ्या बेटांवरून माणसं निघत. छातीएवढ्या पाण्यातून, वाटेत एक मुक्काम करून, माळावर पोचायचं. येताना तीच वाट, वर डोक्यावर ज्वारीचं ओझं. बाकीच्या बायका ज्वारी मिळाली की उलट पावली फिरत. न्यापुका शेवटचा माणूस हलेपर्यंत माळावर हिंडायची. रांगांमधून, चुलींमधून, झोपलेल्या माणसांना ओलांडून. आणि हिंडताना मोठमोठ्याने गाणं म्हणायची. एकच गाणं, एका करड्या गाईचं. आवाजही काही खास नव्हता.

दुओपला वाटलं, बाईला प्रश्न कळला नसावा. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या लोकांत बाईला तिच्या पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, तशी त्याने यादीत बघून मारली.

"न्यागोआची आई, नीट ऐक. धान्य आहे तेवढंच मिळेल. दाणाही कमी होणार नाही. चालणं तेवढं वाचेल."

"ते कळलं रे मला. मी चालते. मला काही होत नाही."

"तुला नाही होत!" न्याबोल एकदम उसळली. "माझ्या जावेचं पोर गेल्या खेपेला तिच्या पाठीवरून पाण्यात गेलं. आम्ही चिखलात हात घालून शोधत होतो, तेव्हा तू मागे माळावर गाणी म्हणत होतीस."

हसणं थांबलं. न्यापुकाने मान खाली घातली. ती बोटांनी माती उकरू लागली.

"ते गाणं मी न्यागोआसाठी रचलंय," ती म्हणाली. "ती रांगायला लागली तेव्हा. जगात दुसऱ्या कुणाला ते येत नाही. गाव जळलं त्या दिवशी गवतातून पळताना तिचा हात सुटला माझ्या हातून. एवढीशी होती, माझ्या कमरेला लागायची. आता बाई झाली असेल. समोर आली तरी मी तिला ओळखणार नाही, ती मला नाही. पण गाणं ओळखेल ती. सगळी माणसं एका जागी येतात ती फक्त त्या माळावर. तुम्ही धान्य दारात आणून द्याल, चांगलंच आहे. मग मी गाणं कुणापुढे म्हणू?"

वाट किती, पाणी किती, ओझं किती, हे सगळं विचारायचं दुओपला शिकवलं होतं. गाण्याचं काही शिकवलं नव्हतं. न्याबोलने तोंड फिरवून पदराने नाक पुसलं.

न्याबोलच्या शेजारी तिची नवी सून बसली होती, न्यादाक. दिवस भरत आलेले. तिने पाय लांब केले होते. पाण्याने घोट्यापर्यंतची कातडी सोलवटली होती आणि त्यावर माश्या बसत होत्या. न्यापुका त्या पायांकडे बघत राहिली.

"तूही गेली होतीस का ग गेल्या खेपेला?"

"गेले ना, मावशी."

"हे पोट घेऊन?"

"मग पोट कुठे ठेवणार?" पोरगी हसली. "पाणी छातीला लागलं की उलट बरं वाटायचं. पोटातला हलका व्हायचा. डोक्यावरचं मात्र काही केल्या हलकं होत नव्हतं."

न्यापुका हसली नाही. ती उठली, लांबच्या रिंगणाशी वाकली, आपली बी उचलली आणि जवळच्या ढिगात टाकली.

"अगं, राहू दे की," न्याबोल हळूच म्हणाली. "तुझ्या एका बीने आमचं काय अडतंय?"

"तुमचं नाही ग," न्यापुका म्हणाली. "माझी न्यागोआ असेलच ना कुठल्या तरी बेटावर. तीही अशीच चालत येत असेल. तिला तरी जवळ मिळू दे."